दाराचा मान

वसमत स्टेशनवर गाडी थांबली तेव्हा अख्ख्या डब्यानं मिळून राधिकाला खाली उतरवलं. मिरजेत चढताना ती नुसती एक अवघडलेली बाई होती. परभणी येईपर्यंत ती डब्याची लेक झाली होती. लातूरच्या एका मास्तरीणबाईंनी तिच्यासाठी खालचा बर्थ भांडून घेतला होता. पूर्णेला चढलेल्या म्हातारीनं पोटाचा आकार बघून "पोरगा" असा निकाल दिला होता, आणि समोरच्या बाईनं तो तितक्याच ठामपणे फिरवला होता. राधिका फलाटावर पोचली तरी तो खटला चालूच होता.

"ए लेकी," म्हातारीनं खिडकीतून हाक मारली, "मला कसं कळंल गं, कोण झालं ते?"

"तुमचं खरं निघालं तर इतक्या मोठ्यानं ओरडंन आजी, की तुमाला घरबसल्या ऐकू येईल!"

गाडी हलली. देविदासनं दोन बॅगा खांद्याला अडकवल्या, उशी काखेत मारली, दवाखान्याची फाइल छातीशी धरली आणि विचारलं, "दुखतंय का?"

प्रत्येक स्टेशनला त्यानं हेच विचारलं होतं. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणारा हा माणूस. एवढ्या खडखडाटात एक धागा तुटला तरी त्याच्या कानाला आधी कळायचं. बायकोच्या पोटातलं मात्र त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. म्हणून तो विचारत होता.

"तुमी जरा विचारायचं थांबा," राधिका म्हणाली, "मग मलाबी कळंल, दुखतंय का न्हाई ते."

बाहेर रतनसिंग जीप घेऊन उभा होता. तांड्यावरचा, राधिकाच्या भावाचा, शिवहारचा, शाळेपासूनचा दोस्त. शिवहारचं आज लग्न. अंगाला हळद लागलेला नवरदेव बहिणीला आणायला कसा येणार? आणि दुसरं कोणी येणारच नव्हतं. लग्नाला लेकीला आणायचं तर माहेरचं माणूस मूळ म्हणून जातं, तशी रीत. महिन्यापूर्वी शिवहार निघालाही होता. आईनं, सिंधूबाईनं, त्याला दारातून परत फिरवलं. "अक्काला आणायचं न्हाई," ती म्हणाली, "आणि काहून म्हणून मला विचारायचं न्हाई."

विचारायची गरजही नव्हती. तीन वर्षांपूर्वी खंडोबाच्या जागरणाला राधिका सातव्या महिन्यात ह्याच रस्त्यानं आली होती, आईनंच हट्टानं बोलावलं म्हणून. आल्याच्या दुसऱ्या दिवशी पोटातलं लेकरू हलायचं थांबलं. हिंगोलीच्या दवाखान्यातून ती रिकाम्या ओटीनं सासरी गेली, आणि तेव्हापासून ह्या वाटेचं नावच निघालं नव्हतं. आई दोनदा इचलकरंजीला येऊन गेली होती, डिंकाचे लाडू घेऊन. चल म्हणाली नव्हती.

"अक्का, मावशीला ठाऊक न्हाई ना, तुमी येऊन राहिले ते?" जीप चालू करत रतनसिंगनं विचारलं.

"न्हाई."

"मग तिथं आधी कोण उतरायचं? मी का तुमी?"

"तू. तुला झोडपलं की मग मी उतरते."

"बिनमुळाची चालली बघा माझी बायको माहेरी," देविदास मागून म्हणाला.

रतनसिंगला ते लागलं. "असं काहून म्हणता, पाव्हणं? शिवहारनं धाडलंय मला. मूळच हाय मी. हे बघा, नवी टोपी घातलीय."

मूळ म्हणून आलेला रतनसिंग जीप अशी चालवत होता, जशी काही मागच्या सीटवर अंडी मांडून ठेवलीत. रस्त्यावरचा प्रत्येक उंचवटा तो आधी जाहीर करायचा. "हट्टा गाव येऊन राहिलं, अक्का. इथं दोन आहेत, धरून बसा." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस पांढरा झाला होता. राधिकानं एक हात पोटावर ठेवला, एक हात बॅगेवर. बॅगेत लग्नाचं लुगडं वर होतं आणि त्याच्या खाली दुपटी, झबली, कानटोपडं. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून सांगितलं होतं, "जायचं तर आत्ताच जा. मग मात्र बाळंत होऊनच या."

तिला तेच हवं होतं. भावाचं लग्न तर होतंच. पण तिला ह्या वेळी आईच्या घरात बाळंत व्हायचं होतं, आणि आईनं नको म्हणायच्या आत तिथं पोचायचं होतं.

*

वस्तीवर वऱ्हाड निघायच्या बेतात होतं. नवरी दिपा आखाडा बाळापूरकडची. तिथं अक्षता टाकून सांजवातीच्या आत परतायचं होतं. सिंधूबाई जाणार नव्हती. नवरदेवाच्या आईनं अक्षता बघायच्या नाहीत, तिनं घरी राहून नवरीसाठी तांदळाचं माप भरायचं, अशी त्यांच्याकडची चाल. सिंधूबाईला ती चाल आज पहिल्यांदाच बरी वाटली होती. चार घटका कोणाशी बोलावं लागणार नव्हतं.

"वैनी," तिची नणंद गयाबाई जवळ येऊन म्हणाली, "राधी तर काही येऊन न्हाई राहिली. संध्याकाळी दार मग आमची संगीता अडवील."

"अडवू दे."

"तसं न्हाई. नवरदेवाची चुलत-आते जी असंल ती, पण बहीण दारात पाहिजे. तू मनानं म्हण."

"मनानंच म्हणून राहिले. अडवू दे."

मनानं म्हटलेलं नव्हतं, हे दोघींनाही कळलं. त्यांच्यात दारावरून जुनं होतं. सिंधूबाई नवरी होऊन ह्याच दारात आली तेव्हा गयाबाईनं दोन्ही हात आडवे लावून विचारलं होतं, "तुझी लेक माझ्या लेकाला देती का?" पाय दुखत होते, भूक लागली होती, सिंधूबाई "देते देते" म्हणून आत शिरली. पुढं लेक झाली, शिकली, आणि गयाबाईच्या नरसिंगाला तोंडावर न्हाई म्हणाली. नरसिंगाचं काही अडलं नाही, त्याला चांगली बायको मिळाली. अडलं ते गयाबाईचं. आता तिच्या लेकीच्या, संगीताच्या, कडेवर पोरगं होतं, आणि गयाबाईला त्याच्यासाठी त्याच दारातून शब्द हवा होता.

तेवढ्यात जीप आली. आधी टोपी घातलेला रतनसिंग उतरला आणि सिंधूबाईला न बघता थेट बोनेटमागं जाऊन उभा राहिला. मग उशी घेतलेला जावई उतरला. मग एक मोठं पोट, आणि त्याच्यामागून राधिका.

"अक्के!" शिवहार मुंडावळ्या सावरत पळत सुटला. नवरदेवानं पळू नये म्हणून तीन बायका ओरडल्या.

सिंधूबाई जागची हलली नाही. लांबून आलेल्या लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा असतो, तिच्या हाताला ते आठवत होतं. हात उचलवत नव्हता. शेवटी नवरदेवाचा बाप मल्हारीच पुढं झाला. नवं धोतर, नवा फेटा, आणि खांद्यावर मात्र तीच जुनी काळी घोंगडी. पोराच्या लग्नात तरी ती ठेवा म्हणून घरातल्यांनी विनवण्या केल्या होत्या.

"आलीस?"

"आले, आबा."

"बरं झालं." मल्हारीचं एका दिवसाचं बोलणं तेवढ्यात संपलं.

गयाबाईचं सुरू झालं. "मूळ न्हाई, चिठ्ठी न्हाई, आणि अशा दिवसांत एवढा प्रवास! काय गं राधे, लगीन बघायला आली का बाळंत व्हायला?"

"दोनीला, आत्या."

हसू फुटलं, पण सिंधूबाईकडं बघून ते अर्ध्यातच विझलं. ती वळून घरात गेली होती.

वऱ्हाड निघालं. राधिकानं एवढ्यावर प्रवास पुरे म्हणून मागं राहायचं ठरवलं. शिवहारनं मेव्हण्याला ओढून जीपमध्ये घातलं, आणि जीप वळणावर दिसेनाशी होईपर्यंत देविदासची मान बाहेर होती. "दुखलं तर फोन कर!"

*

मग घरात दोघीच राहिल्या. सिंधूबाईनं लेकीला पाणी दिलं, ताटात बुंदी वाढली, पाठीला उशी दिली. पंखा तिच्याकडं वळवला. सगळं केलं, फक्त तिच्या पोटाकडं बघितलं नाही. स्वयंपाकघरातून ओसरीवर आणि ओसरीवरून अंगणात ती अशी फिरत होती, जसं घरात मधोमध काही मांडून ठेवलंय आणि त्याला धक्का लागू द्यायचा नाही.

राधिकाला ओसरीवरून शेळ्यांचा गोठा दिसत होता. भिंतीला एक बाज उभी करून ठेवलेली होती. सुतळी काढून टाकलेली, नुसती चौकट.

"माय, माझ्या बाळंतपणाची बाज उभी काहून केली?"

"ढेकणं झाली होती."

"तीन वर्सं झाली ढेकणाला?"

सिंधूबाई सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली. निवडलेलेच होते ते. "उद्या देविदासरावाला सांगते," ती म्हणाली. "हिंगोलीत चांगली खोली बघू. दवाखान्याच्या जवळ. मी येऊन राहते तिथं, सगळं करते. ह्या घरात न्हाई."

"काहून?"

"हे घर तुला लाभत न्हाई."

"माय, घर कधी पोटात शिरतं का?"

"तू हस. तुला हसू येतं."

राधिका हसत नव्हती. तिनं ताट बाजूला सरकवलं. "त्या वक्ताला डॉक्टर काय म्हणाले, तू विचारलं होतंस?"

"म्या कशाला विचारू. मला दिसत होतं."

"मी विचारलं. नाळेला गाठ पडली होती. पोटातल्या पोटात, लेकराच्या खेळण्यानंच पडते म्हणे कधी कधी. मी इचलकरंजीत गादीवर लोळत राहिले असते तरी पडली असती. जीपनं न्हाई, जागरणानं न्हाई. तू बोलावलंस म्हणून तर अजिबात न्हाई."

सुपातला हात थांबला. "गाठ," सिंधूबाई म्हणाली. तिनं तो शब्द तांदळातला खडा बघावा तसा उलटसुलट करून बघितला. "कोणी मारलेली न्हाई?"

"कोणीच न्हाई."

राधिकाला वाटलं, झालं, सुटलं. पण सिंधूबाईनं मान हलवली.

"तू त्या सकाळी म्हणाली होतीस, माय, हलून न्हाई राहिलं. मी हात ठेवला." तिनं उजवा हात वर केला, तांदळाच्या पिठानं पांढरा झालेला. "ह्याच हातानं बघितलं आणि तुला सांगितलं, झोपलंय लेकरू, उगी राहा. सांगितलं का न्हाई?"

"सांगितलंस."

"तर मग. हा हात मी आता कुठं ठेवत न्हाई."

राधिका उठली, भिंतीला धरून, आणि बॅगेतून लुगडं काढून नेसायला लागली. कमरेला ते नीट बसेना. तीनदा सोडलं, तीनदा नेसलं, आणि तिसऱ्या वेळी निऱ्या पोटाखाली खोचता खोचता तिला सुचलं, आईला न्हाई म्हणता येणार नाही असं मागणं कुठून मागायचं ते.

*

दिवस मावळायच्या आत वाजंत्री ऐकू आली. गयाबाई पहिल्या जीपमध्ये संगीताला घेऊन बसली होती, आणि जीप थांबायच्या आत तिनं लेकीला कोपरानं ढोसलं. "पळ. दारात हो."

संगीता पोरगं सावरत गेली आणि तशीच परत आली. "दारात राधिका हाय."

होतीच. मोरपंखी लुगडं, केसात गजरा, दोन्ही हात चौकटीला. गयाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा हीच पोरगी, पुन्हा ह्याच दारात.

"राधे, उतर तिथून! पोटुशी बाईनं उंबऱ्यात उभं राहू नये, ठाऊक न्हाई का तुला? वैनी, सांग की हिला!"

सिंधूबाई आत आरतीचं ताट धरून उभी होती. तिचा चेहरा उतरला. "खरं हाय, राधे. उंबऱ्यावर नको. हो बाजूला."

बायकांनी माना डोलावल्या. उंबऱ्याचं सगळ्यांनाच पटत होतं, अगदी राधिकालाही थोडंसं. तिचा हात चौकटीवरून सुटला.

मग गर्दीतून मल्हारी आला. त्यानं खांद्यावरची घोंगडी काढली, झटकली, दुहेरी केली आणि उंबऱ्यावरून आडवी टाकली, अर्धी आत, अर्धी बाहेर.

"आमची माय मेंढरं घेऊन चालता चालता बाळंत झाली," तो म्हणाला. मल्हारी एवढं बोलतो हेच कित्येकांना नवं होतं. "तिला कुठलं घर आणि कुठला उंबरा? माळावर घोंगडी टाकली, तिच्यावर मी झालो. घोंगडी टाकली की तेच घर. बस, पोरी."

राधिका बसली. चौकटीत घट्ट बसली. शिवहारनं दाराची रुंदी बघितली, बहिणीची बघितली, आणि नवरीसह निमूट उभा राहिला.

"संगीता, तूबी ये," राधिकानं हाक मारली. "माझ्या बाजूला बस. लेकीचं मागणं तू माग, तुझ्या पोरासाठी. आत्याचं एक मागणं माझ्यापायी राहिलंय."

गयाबाईनं दिवसभर भांडण तयार करून आणलं होतं. ते आता ठेवायचं कुठं?

संगीता लाजत पुढं झाली. "वैनी, तुमची लेक माझ्या लेकाला देता का?"

मुंडावळ्यांआडून दिपानं कडेवरच्या शेंबड्या जावयाकडं नीट बघून घेतलं. "आधी होऊ द्या," ती म्हणाली. "मग तिलाच विचारू. ती व्हय म्हणाली तर माझी ना न्हाई."

हशा पिकला. ही पण तसलीच निघाली, गयाबाईच्या मनात आलं, आणि का कोण जाणे तिलाही हसू आलं.

"आता माझं," राधिका म्हणाली. "माझं मागणं नवरीकडं न्हाई." तिनं मान वळवून आत बघितलं. "माय, तुझ्याकडं हाय. माझं बाळंतपण ह्या घरात कर. व्हय म्हण, मी दार सोडते."

वाजंत्रीवाल्यांनीही वाजवायचं थांबवलं.

"दारातलं मागणं नवरीला असतंय," सिंधूबाई कशीबशी म्हणाली.

"आईला नसतंय, असं कोण म्हणालं?"

"राधे, हट्ट करू नको. लोकं थांबलेत."

"थांबू दे. मीबी तीन वर्सं थांबले."

गर्दीतून देविदासचा आवाज आला. "दुखतंय का?"

"न्हाई!" सगळं वऱ्हाड एका सुरात ओरडलं.

त्या गलक्यात दिपा पुढं वाकली. ह्या घरातलं तिचं सासूशी पहिलंच बोलणं. "आत्याबाई, व्हय म्हणा ना. नव्या घरात मला एकटीला करमणार न्हाई, अक्का असल्या म्हणजे बरं. आणि चपला नव्या आहेत हो, पाय पार सोलून निघाले."

सिंधूबाईनं तिच्या पायांकडं बघितलं. आपलेही पाय त्या दिवशी असेच दुखत होते. तरी ताट तिनं तसंच धरून ठेवलं.

तेव्हा गयाबाई बोलली. ती का बोलली हे तिला नंतरही सांगता आलं नाही. "वैनी, मला ह्याच दारात शब्द दिला होता. तो गेला, जाऊ दे, मी सोडला. पण लेक मागून राहिली ते मोडू नको. पोटाला हात लावून भीक मागून न्हाई राहिली ती, मानानं मागून राहिली. दे तिला."

सिंधूबाईनं नणंदेकडं बघितलं. इतक्या वर्षांत गयाबाई तिच्यासाठी काही सोडते आहे, असं तिनं पहिल्यांदाच ऐकलं. मग तिनं ताट सावरलं आणि लेकीशी नाही, नवऱ्याशी बोलली.

"आवं, ती गोठ्यातली बाज खाली घ्या. नवी सुतळी लागंल. जवळ्याच्या बाजारातून घेऊन या, चांगली बघून आणा, मागल्यासारखी कुजकी नको."

क्षणभर कोणाला कळलं नाही. कळलं तेव्हा आधी रतनसिंगनं टोपी उडवली, मग हलगी कडाडली, आणि बायकांनी एकच गलका केला. राधिका जिंकली होती.

आता फक्त तिला उठायचं होतं. तिनं एक हात टेकला, दुसरा टेकला, आणि तशीच बसून राहिली.

"सोड की दार," शिवहार म्हणाला.

"सोडून राहिले. उठता येईना!"

शिवहार हात द्यायला वाकला, तर उपरण्याची गाठ ओढली जाऊन नवरीही वाकली. देविदास गर्दीत अडकला होता. सिंधूबाईनं ताट संगीताच्या हाती दिलं. पदर खोचला, लेकीच्या मागं आली, काखेखालून दोन्ही हात घातले आणि उचलायला जोर लावला. उजवा तळहात सरकून पोटावर गेला.

तिथून एक सणसणीत लाथ बसली.

सिंधूबाई थांबली. हात काढला नाही. दुसरी लाथ बसली, पहिलीपेक्षा जोरात.

"जागं हाय," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिचा आवाज सुटला, मागच्या टेम्पोतल्यांना, तांड्यावरच्यांना, बहुधा पूर्णेच्या त्या म्हातारीलाही ऐकू जाईल असा. "जागं हाय गं माय! जागं हाय लेकरू!"

मागून हलगी पुन्हा सुरू झाली. दिपानं माप ओलांडलं ते उजव्या पायानं की डाव्या, हे त्या गोंधळात कोणी पाहिलंच नाही. तांदूळ उडून घोंगडीभर पसरले. एरवी गयाबाईनं बरोबर पाहिलं असतं आणि वर्षभर सांगितलं असतं. पण ती तेव्हा सिंधूबाईला कोपरानं सरकवत होती. "हो बाजूला, वैनी. कितींदा बघशील एकटीच? मलाबी बघू दे."